रेंज कुठं पोचवायची, हे ठरतं कशावर? मुळशी, १९२७ ते आज

(पोस्ट लांब आहे. पण पावसाळा तोंडावर असताना वाचावी अशी आहे. घाटमाथ्यावरच्या ग्रुपांवर जरूर पाठवा.)



१९२७ हे साल आपल्याकडं लक्षात राहिलंय ते धरणामुळं. मुळा नदी अडवून टाटांनी बांधलेलं मुळशी धरण पूर्ण झालं, घाटाखाली भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं आणि वीज मुंबईला धावू लागली. त्याआधी सहा वर्षं, १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला होता. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे होते, बायाबापड्या होत्या, तुरुंगवास झाले. शेवटी पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी गेल्या. हे सगळं आपण शाळेत नसलं तरी घरी ऐकलेलं आहे.

त्याच वर्षी पुण्याजवळ आणखी एक गोष्ट घडली. तिची आठवण फारसं कुणी काढत नाही. २३ जुलै १९२७ ला खडकी आणि दौंड इथल्या केंद्रांमार्फत हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात थेट बिनतारी संदेशसेवा सुरू झाली. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी बादशहा पंचम जॉर्ज यांच्याशी शुभेच्छांची देवाणघेवाण करून तिचं उद्घाटन केलं.

म्हणजे बघा, पुण्याहून लंडनला क्षणात निरोप जाऊ लागला. त्याच पावसाळ्यात मुळशीच्या खोऱ्यात पाणी कुठवर चढलं, हे शेजारच्या गावाला कळवायचं तर माणसालाच चिखल तुडवत जावं लागत होतं.

यात कुणी खलनायक शोधायचा नाहीये मला. मला रस आहे तो एका प्रश्नात. बिनतारी केंद्र कुठं उभारायचं, किती उभारायची, कुणाला ऐकू गेलं पाहिजे, हे ठरतं कशावर? कारण हाच प्रश्न आज ताम्हिणीत, निव्यात, भांबर्ड्यात, एकोल्यात उभा आहे. दर पावसाळ्यात आपण ‘टॉवर वाढवा’ म्हणून निवेदनं देतो. टॉवर हवेतच. पण नुसत्या टॉवरनं हा प्रश्न सुटत नाही, आणि का सुटत नाही ते इतिहासात लख्ख दिसतं.

खडकी बोलायला, दौंड ऐकायला

पहिली गोष्ट खडकीचीच. संदेश पाठवायचं केंद्र खडकीला आणि ऐकायचं केंद्र दौंडला. मध्ये सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. एवढं लांब कशाला? कारण साधं आहे. शेजारी कुणी ढोल बडवत असेल तर तुम्हाला दूरची बासरी ऐकू येत नाही. हजारो किलोमीटरवरून आलेली लहर फार क्षीण असते आणि खडकीची लहर दणदणीत. दोन्ही एकाच आवारात ठेवली तर ऐकणारं यंत्र बहिरं होणार. म्हणून इंग्लंडमध्येसुद्धा ग्रिम्सबीला पाठवणारं आणि स्केगनेसला ऐकणारं अशी वेगवेगळी केंद्रं होती.

दुसरं म्हणजे, या व्यवस्थेत ताकद कमी लागत होती. साम्राज्याला जोडायला आधी लांब लहरींची अजस्र केंद्रं उभारायचा विचार होता. मार्कोनीच्या लोकांनी दाखवलं की आखूड लहरी तारांच्या पडद्यावरून एकाच दिशेला झोतासारख्या सोडल्या तर कितीतरी कमी ताकदीत त्या वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात आणि लंडनला पोचतात.

म्हणजे १९२७ साली, इथंच, आपल्या जिल्ह्यात हे सिद्ध झालं होतं की ओरडण्याची ताकद वाढवण्यापेक्षा कुठून बोलायचं, कुठं तोंड करून बोलायचं आणि कुठं कान ठेवायचा हे ठरवणं जास्त महत्त्वाचं. जागा निवडणाऱ्यांनी हिशेब चोख केला होता. फक्त त्यांच्या हिशेबात एका टोकाला लंडन होतं, दुसऱ्या टोकाला सरकार आणि व्यापार. ताम्हिणी त्या वहीतच नव्हती.

आपल्या डोंगरात लहर अडते कुठं

आता जरा तांत्रिक, पण सोपं करून सांगतो.

मोबाइलची लहर बॅटरीच्या झोतासारखी वागते. समोर डोंगर आला की पलीकडं सावली. अंतर दुप्पट झालं तर मोकळ्या जागेतसुद्धा ताकद चौथाई होते. डोंगराच्या धारेवरून लहर थोडी वाकून खाली उतरते, पण जितकी लहर आखूड तितकी कमी वाकते. आणि वेगवान इंटरनेटसाठी आखूड लहरीच जास्त वापरतात. म्हणून जुन्या साध्या फोनला एखादी काडी यायची तिथं नव्या फोनला काहीच येत नाही, असंही घडतं.

आमच्याकडं प्रत्येक वस्तीत एक ‘रेंजचा दगड’ असतो. त्या दगडावर, त्याच बाजूला तोंड करून उभं राहिलं की फोन लागतो, दोन पावलं सरकलं की गेला. मी घाटमाथ्यावर फिरताना असे बरेच दगड पाहिलेत. लोकांनी विज्ञान न शिकता दृष्टिरेषा शोधून काढलेली असते. आपल्या गडांच्या जागा निवडणाऱ्यांनाही ती कळत होती. घनगडावर उभं राहा, तैलबैला आणि सुधागड समोर दिसतात. घाटवाटांवर नजर ठेवायची तर एकमेकांना दिसणाऱ्या जागा हव्यात, हे त्यामागचं गणित. आज रिपीटर कुठं बसवावा असं मला कुणी विचारलं तर मी आधी गडांचा नकाशा उघडीन आणि मग रेंजच्या दगडांची यादी करीन.

पण मग पाऊस पडला की आहे तीसुद्धा रेंज का जाते? इथं एक गैरसमज आहे. पावसाचा फोनच्या लहरीला फारसा अडथळा होत नाही, ती लहर हातभर लांब असते. अडथळा होतो तो टॉवर-टॉवरमधल्या दुव्याला. टॉवरवर ढोलासारखी गोल तबकडी दिसते ना, तिच्यातून जाणारी लहर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची असते. मुसळधार पावसाचे थेंब तिला शोषतात, विखुरतात. ढगफुटीसारखा पाऊस लागला की दुवा तुटतो. टॉवर उभा, दिवा लागलेला, पण तो जगापासून तुटलेला.

त्याहून मोठं कारण विजेचं. टॉवरच्या यंत्रणेला साधारण एक-दोन किलोवॉट लागतात. झाड पडून वीज गेली की बॅटऱ्या काही तास चालतात, मग जनरेटर, मग डिझेल संपतं. डिझेलची गाडी येणार त्या रस्त्यावर दरड. म्हणजे वीज, रस्ता आणि रेंज ही तीन संकटं वेगवेगळी येत नाहीत, हातात हात घालून येतात. शेजारी-शेजारी दोन कंपन्यांचे दोन टॉवर असले आणि दोघांची वीज एकाच तारेवरून येत असली, तर संकटाच्या दिवशी तो एकच टॉवर समजायचा.

आंबोलीच्या जंगलातला ट्रक

आता असं उदाहरण बघा, जिथं सह्याद्रीच्या पावसाळी जंगलातून, कुठलीही सोय नसताना, रेडिओ केंद्र सहा वर्षं चाललं.

१९५४ च्या ऑगस्टमध्ये दादरा नगर हवेली मुक्त झाली. त्या मोहिमेत आपले सुधीर फडकेही होते, हे पुष्कळांना माहीत असेल. तिथं पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच हाती लागले. त्यांच्यापासून एक प्रक्षेपक तयार केला गेला. २५ नोव्हेंबर १९५५ पासून त्यावरून गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र बोलू लागलं, पोर्तुगीज आणि कोकणीतून. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे ते चालवत होते. पुढं दोघांनी लग्न केलं. लिबियाताईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

केंद्र कुठं? ट्रकमध्ये. आधी आंबोलीच्या परिसरात, नंतर कॅसलरॉककडच्या रानात. ज्यांनी आंबोलीचा पाऊस पाहिलाय त्यांना सांगायला नको तो काय असतो. साप, जळवा, दमट हवा, आणि विजेचं कनेक्शन नाही. तरी ते केंद्र डिसेंबर १९६१ पर्यंत चाललं. गोवा मुक्त झाल्यावर तर लिबियाताई आणि वामनराव वायुदलाच्या विमानात बसले आणि आकाशातून गोव्याला ही बातमी सांगितली.

या गोष्टीतून मला तीन गोष्टी दिसतात. यंत्र छोटं होतं, पण त्याची वीज त्याच्याबरोबर होती. जागा घाटमाथ्याची होती, म्हणजे खालचा प्रदेश लहरीच्या टप्प्यात होता. आणि ते केंद्र रोज ठरलेल्या वेळी बोलायचं, म्हणून लोक ठरलेल्या वेळी कान लावून बसायचे. विश्वासार्ह संदेशवहन म्हणतात ते याला. ताकद कमी असली तरी चालते, नेम चुकला की चालत नाही.

पानशेत : निरोप आणि अफवा

याच काळातली दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या खोऱ्यातली. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासल्याची भिंत गेली आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातला एकच धागा घ्यायचाय. पूर ओसरल्यावरही ‘पुन्हा पाणी येतंय’ अशी अफवा उठली आणि लोक जीव घेऊन पळत सुटले, हे त्या पिढीच्या पुणेकरांकडून अनेकांनी ऐकलेलं आहे.

म्हणजे धोक्याची सूचना वेळेवर पोचणं ही अर्धी गोष्ट. तिच्यावर विश्वास ठेवता येईल अशी एक ठरलेली वाट असणं ही उरलेली अर्धी. ती वाट नसली की पोकळी तयार होते आणि पोकळीत अफवा शिरते. आज ती व्हॉट्सॲपवरून शिरते, एवढाच फरक.

सगळे एकदम बोलले तर?

समजा आपण डोंगरभर छोटी-छोटी केंद्रं पेरली. पाऊस मोजणारी, ओढ्याची पातळी सांगणारी, जमिनीला तडा गेला तर कळवणारी. मग नवा प्रश्न येतो. ऐन संकटात सगळी एकदम बोलू लागली तर?

याचं उत्तर हवाई बेटांवर शोधलं गेलं. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रं एकाच रेडिओ वाहिनीवर जोडली. नियम असा की ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं, दोन आवाज आपटले तर दोघांनी थोडं थांबावं, प्रत्येकानं वेगवेगळा वेळ, आणि पुन्हा बोलावं. मोबाइल आणि वायफायच्या आजच्या पद्धतींचं मूळ बरंचसं तिथं आहे. पण हिशेब केल्यावर कळलं की अशा मोकाट पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो. पुढं कुणीतरी एवढंच केलं की बोलायला सुरुवात करायच्या वेळा ठरवून दिल्या. तेवढ्यानं हा आकडा दुप्पट, म्हणजे ३७ टक्क्यांच्या घरात गेला.

ग्रामसभा चालवलेल्या कुणालाही हे पटेल! माइकची ताकद वाढवून सभा सुधारत नाही, पाळी लावल्यानं सुधारते. म्हणून धोक्याच्या जाळ्यात रोजची बडबड कमी ठेवायची, ‘मी ठीक आहे’ हा निरोप ठरल्या वेळी द्यायचा, आणि ‘धोका’ या शब्दाला सगळ्यांच्या आधी वाट मोकळी ठेवायची.

खोडदची तीस ताटं

विखुरलेली छोटी केंद्रं मिळून एक मोठं काम करतात याचं जगातलं एक उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटरलहरी दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी एकत्र, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. त्या सगळ्या मिळून एकच प्रचंड दुर्बीण असल्यासारखं काम करतात. तेवढी एकच तबकडी बांधणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

तबकड्या सारख्या अंतरावर पेरलेल्या नाहीत. काही दाटीनं, काही लांब. कारण काय बघायचंय ते आधी ठरवलं आणि मग जागा ठरवल्या. ही दुर्बीण फक्त ऐकते, बोलत नाही, हे खरं. पण मांडणीचा धडा तोच आहे.

आता आपल्याकडं या

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळी दरडीखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला आधी कळलं ते एसटीच्या चालकामुळं. नेहमीच्या फेरीला गेला तर गाव जागेवर नाही! एकविसाव्या शतकात, खोडदच्या दुर्बिणीच्या शेजारच्या तालुक्यात, गाव गाडलं गेल्याचा निरोप एसटीनं आणला.

१९ जुलै २०२३. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी रात्री गाडली गेली. वर जायला गाडीरस्ता नाही, मदतीची माणसं पावसात चढून गेली. दुसऱ्या दिवशी, २० जुलैला सकाळी साडेदहाच्या आसपास महाराष्ट्रात असंख्य फोन एकदम किंचाळले. आठवतंय ना? केंद्र सरकारच्या आपत्कालीन सूचना यंत्रणेची ती चाचणी होती. यंत्रणा चांगली आहे. टॉवरच्या टप्प्यातल्या प्रत्येक फोनवर नंबर माहीत नसताना एकाच वेळी सूचना जाते. पण टॉवरच्या टप्प्यातल्या! ज्या वस्तीत रेंजच दगडावर येते, तिथं रात्री दोन वाजता दगडावर कोण उभं असणार?

आणि २५ जुलै २०२४. त्या दिवशी सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे-साडेसातशे पडतो. लवासात दरड कोसळली, पुण्यात एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. टीव्हीवर दिवसभर शहर दिसत होतं.

आपला तालुका तर मोठा मजेशीर आहे. हिंजवडी मुळशी तालुक्यात आणि ताम्हिणीही मुळशी तालुक्यात. जगभरच्या फोनांमधली सॉफ्टवेअरं एका टोकाला लिहिली जातात आणि दुसऱ्या टोकाला फोन लावायला दगड शोधावा लागतो.

मोजता काय, त्यावर जागा ठरते

माझा मुख्य मुद्दा हा आहे.

केंद्रं कुठं बसवायची याचं एक सोपं गणित असतं. पहिलं केंद्र अशा जागी बसवा जिथून सगळ्यात जास्त ‘काहीतरी’ टप्प्यात येतं. दुसरं अशा जागी, जिथून उरलेल्यातलं जास्तीत जास्त टप्प्यात येतं. असं करत जा. गणित बरोबर आहे. गंमत सगळी त्या ‘काहीतरी’मध्ये आहे.

तिथं ग्राहक मोजले तर केंद्रं बावधन, भूगाव, पिरंगुट, हिंजवडीला जातात आणि बारा उंबऱ्यांचा धनगरवाडा शेवटपर्यंत यादीत येत नाही. यात कंपन्यांचं कपट नाही, त्यांनी जे मोजलं त्याचं ते उत्तर आहे. १९२७ साली साम्राज्य मोजलं गेलं, म्हणून लंडन जवळ आलं. पण तिथं वस्त्या मोजा, बारा उंबऱ्यांची असो वा बाराशे, प्रत्येकीला एकच गुण द्या, तर तेच गणित केंद्रं वेगळ्याच जागी बसवतं. आणि त्यात आणखी एक अट घाला, की प्रत्येक वस्तीला किमान दोन वेगळ्या केंद्रांचा आवाज गेला पाहिजे आणि त्या दोघांची वीज व वाट वेगळी पाहिजे. मग ते जाळं पावसातही टिकतं.

केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये रेंज नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची फोरजी योजना मंजूर केली. स्वागत आहे. पण तिथंही मोजणी ‘गावाची’ असते. गावठाणात रेंज आली की गाव झालं! आपल्याकडं गाव म्हणजे सात वाड्या, तीन डोंगर आणि मध्ये एक ओढा. दरड कोसळते ती वाडीवर.

खर्च किती, असं विचाराल

धोक्याचा निरोप हा चार शब्दांचा असतो. त्याला व्हिडिओची रेंज लागत नाही. आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी ताकदीची यंत्रं परवान्याशिवाय वापरता येतात. या पट्ट्यातली लोरा नावाची पद्धत मोकळ्या दृष्टिरेषेत दहा किलोमीटरच्या पुढंही छोटा मजकूर पोचवते. बोलणं नाही, फक्त मजकूर आणि आकडे. असं एखादं यंत्र सरासरी ५० मिलिवॉट खात असेल, तर दिवसाला १.२ वॉट-तास लागतात. पंधरा दिवस सूर्य दिसला नाही तरी १८ वॉट-तास. मोटारसायकलची १२ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी ६० वॉट-तासांची असते. म्हणजे मुळशीचा अख्खा आषाढ ती सौर पॅनलशिवाय काढू शकते! टॉवर मात्र एवढी वीज काही मिनिटांत पिऊन टाकतो.

हे स्वप्नरंजन नाही. केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठानं जमिनीत संवेदक पुरून बिनतारी जाळ्यानं जोडले आणि दरडीची पूर्वसूचना देणारी यंत्रणा २००९ पासून चालवून दाखवली. डोंगर तसाच, पाऊस तसाच.

काही जण म्हणतील की खोटी सूचना गेली तर? बरोबर शंका आहे. चार वेळा उगाच पळायला लावलं की पाचव्या वेळी कुणी हलत नाही. म्हणून यंत्रानं फक्त कळवायचं आणि भोंगा वाजवायचा निर्णय माणसानं घ्यायचा. तो माणूस आधीपासून ठरलेला पाहिजे. पोलीस पाटील, सरपंच, आशाताई, कोतवाल. त्यांच्याकडं पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेशी जोडणारा एखादा संच असावा. जिल्ह्यातल्या हौशी रेडिओवाल्यांनाही हाक मारावी. भुजच्या भूकंपात २००१ साली फोन बंद असताना हीच मंडळी कामाला आली होती. आणि शेवटच्या दोनशे मीटरला देवळातली घंटा आणि दवंडी अजूनही सगळ्यात भरवशाची आहे. तिला बॅटरी लागत नाही.

तर करायचं काय

पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. लेखी विचारा, इतिवृत्तात नोंदवायला लावा.

१. आपल्या प्रत्येक वाडीत, वस्तीत, वाड्यावर रेंज कुठं येते आणि वीज गेल्यावर किती तास टिकते? आठवी-नववीच्या पोरांना ही नोंद करायला लावा, सुट्टीचा प्रकल्प म्हणून. दोन आठवड्यांत नकाशा तयार होईल.

२. आपल्या भागातल्या टॉवरची बॅटरी आणि डिझेल किती तासांचं आहे, आणि रस्ता बंद झाला तर ते कोण, कुठून आणणार?

३. फोन बंद असताना पौडला तहसील कार्यालयात निरोप कुठल्या दोन वेगळ्या वाटांनी जाईल? एकच वाट सांगितली तर ‘दुसरी?’ असं पुन्हा विचारा.

४. रात्री दोन वाजता भोंगा किंवा घंटा कोण वाजवणार, आणि वाजल्यावर लोकांनी कुठं जायचं? याची रंगीत तालीम मे महिन्यात एकदा झालीच पाहिजे.

या चार प्रश्नांना पैसे लागत नाहीत. त्यांची उत्तरं हातात असली की मग निधी मागा, यंत्रं मागा, टॉवरही मागा. तेव्हा आपल्या मागणीत नुसती तक्रार नसेल, नकाशा असेल. आणि नकाशा असलेल्या मागणीला ‘बघू’ म्हणून वाटेला लावणं जड जातं, हा माझा अनुभव आहे.

ज्यांच्या वस्तीत रेंजचा दगड आहे त्यांनी तो कुठं आहे, कुठल्या बाजूला तोंड करावं लागतं, एवढं खाली लिहा. वस्तीचं नाव लिहा, फोन नंबर नको. मी सगळं एका नकाशावर मांडून इथंच टाकतो.